आरामखुर्चीचे झिजलेले हात

हैदराबादेस आलेला पाहुणा सालारजंग वस्तुसंग्रहालयातील हस्तिदंती खुर्च्यांपुढे थबकल्यावाचून राहत नाही. फ्रान्सच्या पंधराव्या लुईने त्या टिपू सुलतानास नजर केल्या, असे सांगण्यात येते. पंधरावा लुई १७७४ मध्ये वारला व टिपू १७८२ मध्ये गादीवर आला, हे ध्यानी घेतले म्हणजे ही कथा जपूनच स्वीकारावी लागते. टिपूचे वकील १७८८ मध्ये गेले, ते सोळाव्या लुईच्या दरबारी. अर्थात दात्याचे नाव वगळल्याने कारागिरी उणी ठरत नाही. पण त्या खुर्च्यांवर कोणी बसत नाही, आणि बसूही नये. खुर्चीची निम्मी परीक्षा पाठीने करावयाची असते. म्हणून रसग्रहणासाठी मी दुसरीच खुर्ची निवडली आहे.

ती सुलतान बाजारातील एका मराठी घराच्या ओसरीवर आहे: सागवानी, वेताने विणलेली, लांब हातांची. गोमंतकातील वाचक हिला ‘व्होल्तेर’ म्हणून ओळखतील. पाठ आणि बैठक यांत खंड नाही. वेताचे एकच विणकाम वरच्या दांडीपासून पुढच्या दांडीपर्यंत उतरत येते. त्यामुळे देहाचा भार एका ठिकाणी न साचता सर्वत्र पसरतो, आणि विणीच्या छिद्रांतून वारा खेळतो. दख्खनच्या वैशाखात गादीच्या विलायती कोचाला हे कधीच साधले नाही. हातांखाली फिरत्या फळ्या आहेत. त्या पुढे वळविल्या की पाय टेकता येतात. (वडीलधाऱ्यांपुढे असे पाय पसरणे शोभत नसे, हेही खरे.) नक्षी जवळजवळ नाहीच. पाठीचा कल आणि हातांची लांबी यांचा मेळ मात्र असा जमला आहे, की कारागिराला नक्षीची गरजच भासली नसावी.

परंतु मला खरी मोहिनी घातली ती तिच्या झिजेने. उजवा हात डाव्याहून अधिक झिजला आहे. त्याची कड बोथट झाली आहे, रोगण केव्हाच उडून गेले आहे, आणि उघड्या लाकडावर तळहाताची तुकतुकी चढली आहे. डाव्या हातावर पेल्यांची फिकट वर्तुळे एकमेकांत गुंतली आहेत. पाण्याचा पेला डावीकडे, जपमाळ नाहीतर वर्तमानपत्र उजवीकडे, असा त्या घराचा तीन पिढ्यांचा परिपाठ तेथे उमटला आहे. सुताराने आरंभिलेला आकार बसणाऱ्यांनी पुरा केला, असेच म्हणावेसे वाटते. देवघरातील सहाण चंदन उगाळून मध्ये खोलगट होते. ती सपाट करून घेण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

आता घरात लग्न आहे, आणि खुर्चीवर रंधा फिरवून तिला चकचकीत पॉलिश द्यावे असे घरच्यांनी योजिले आहे. जुम्मेरात बाजारात अशा नव्या झालेल्या जुन्या खुर्च्या मी पाहिल्या आहेत. त्या कोणाच्याही घरच्या वाटतात. दुरुस्तीला माझा विरोध नाही. वेत हा तुटावयाचाच. तो वेळोवेळी नवा विणणे हे त्या खुर्चीच्या रचनेतच गृहीत आहे. लाकडाची गोष्ट वेगळी. रंध्याने काढलेला तीन पिढ्यांचा थर पुन्हा चढविता येत नाही. वेत बदलावा, मागच्या पायाचा सैल सांधा आवळून घ्यावा आणि हातांना तेलाच्या फडक्यापलीकडे काही लावू नये, असे मी घरच्यांना सुचविले आहे. त्यांनी अद्याप होकार दिलेला नाही.