तालमीची खोली कुठे गेली? गिरणगावची रंगभूमी आणि वस्तीचं सार्वजनिक जीवन



आजचा विषय गिरणगावच्या रंगभूमीचा आहे. गिरणगाव म्हणजे लालबाग, परळ, करी रोड, चिंचपोकळी, शिवडी, नायगाव, वरळी हा पट्टा. इथल्या नाटकांबद्दल, शाहिरीबद्दल, नमन-दशावताराबद्दल आपण बोलतो तेव्हा साधारण दोन सूर लागतात. एक सूर आठवणींचा. काय ते दिवस होते, काय ते प्रेक्षक होते! दुसरा सूर इमारतीचा. अमुक थिएटर पाडलं, तमुक बंद झालं, संस्कृती बुडाली. दोन्ही सूर खोटे आहेत असं मी म्हणणार नाही. पण दोन्हींमध्ये एक गोष्ट निसटते. ही कला उभी कशी राहायची? कोणाच्या पैशावर, कोणत्या वेळेत, कोणत्या जागेत? आज मी या प्रश्नाच्या बाजूने बोलणार आहे.

दामोदर हॉलपासून सुरुवात करू. ना. म. जोशींनी 1911 साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. हेच जोशी पुढे 1920 मध्ये आयटकच्या स्थापनेत होते. लीगने कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं असं काम केलं आणि 1922 च्या सुमारास परळला हे नाट्यगृह उभं राहिलं. बघा, क्रम लक्षात घ्या. शाळा, वाचनालय, आणि त्याच कामाचा भाग म्हणून रंगमंच. नाटक ही इथे करमणुकीची वेगळी पेठ नव्हती, ते कामगारवस्तीच्या सार्वजनिक कामाचं एक अंग होतं. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये पुनर्विकासासाठी हे नाट्यगृह बंद झालं, तेव्हा रंगकर्मींनी आवाज उठवला आणि तो उठवायलाच हवा होता. पण चर्चा कशाभोवती फिरली? नवीन नाट्यगृहात खुर्च्या किती, ते आधी बांधणार की नंतर. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. मला पुढचे प्रश्न ऐकू आले नाहीत. भाडं किती? रविवारची सकाळ कोणाला मिळणार? आणि तालीम कुठे करायची?

तालमीचा प्रश्न मी मुद्दाम विचारतोय. दामोदरच्या रंगमंचावर कोकणातल्या मंडळींचे कार्यक्रम मोठ्या संख्येने व्हायचे. रत्नागिरीकडचं नमन, जाखडी म्हणजे शक्ती-तुऱ्याचे सामने, सिंधुदुर्गातला दशावतार, आणि गावाच्या मुंबई मंडळांची हौशी नाटकं. समीक्षेने या प्रयोगांकडे फारसं पाहिलं नाही. पाहिलं तर जरा हसून. कारण काय? दोन अंकांच्या मध्ये सत्कार चालायचे. नारळ, शाल, पाहुण्यांची भाषणं. प्रयोग लांबायचा, रसभंग व्हायचा. आपल्या नाट्यसमीक्षेच्या फूटपट्टीने ते चुकीचंच.

पण त्या मधल्या अर्ध्या तासात चालायचं काय, ते पाहा. गावातल्या शाळेची खोली, देवळाचा सभामंडप, पाण्याची विहीर, यासाठी किती जमले, कोणी किती दिले, काम कुठवर आलं, हे तिथे माइकवरून सांगितलं जायचं. प्रयोगाचं तिकीट म्हणजे वर्गणीच होती. ते खिडकीवर कमी आणि हातोहात जास्त खपायचं, चाळीत, खात्यात, खानावळीत. स्मरणिकेला जाहिरात द्यायचा तो नाक्यावरचा वाणी आणि शिंपी. म्हणजे ज्याला आपण रसभंग म्हटलं, तो वस्तीचा जाहीर जमाखर्च होता. नाटक पाडलं तर लोक एक वेळ माफ करत, पण हिशेब चुकला तर खजिनदाराला जिना चढून वर येणं मुश्किल होई.

एक हौशी नाटक उभं करायला काय लागतं? अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार लागतो. पावतीपुस्तक लागतं. कपडेपट आणि पडदे भाड्याने आणायचे, रंगभूषाकाराला आगाऊ रक्कम द्यायची, पोलीस परवाना काढायचा. दिवसपाळीचा नट आणि रातपाळीचा नट एकत्र कधी येणार, याचं गणित मांडायचं. दोन भावकींचं भांडण मिटवायचं, कारण नायकाचं काम एकालाच मिळणार. ज्या माणसाला गिरणीत मुकादमासमोर तोंड उघडायची मुभा नव्हती, तो इथे सभेचं इतिवृत्त लिहायला शिकला. युनियनच्या गेटसभेत बोलणारा, सोसायटीचा सेक्रेटरी होणारा, महापालिकेच्या वॉर्डात अर्ज घेऊन जाणारा माणूस बऱ्याचदा याच तालमीतून आलेला असायचा. त्यात नाटकाचा दर्जा कधी बरा, कधी सुमार. मात्र वस्तीला त्यातून कार्यकर्ता मिळायचा.

आता कलाकृतींकडे येतो, कारण नुसती व्यवस्था सांगून समीक्षा होत नाही. 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक सुरू केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गाजलेली अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड आठवा. ती सुरू होते मुंबईत एकट्या राहणाऱ्या कामगाराच्या विरहाने, बायको गावाकडे राहिलेली. मग मुंबईचं वर्णन येतं, इथली श्रीमंती आणि इथली भूक. आणि शेवटी तोच विरह सीमाभागाशी जोडला जातो. पुष्कळ जण याला प्रचार म्हणून बाजूला सारतात. मला ते मान्य नाही. समोर बसलेल्यांत असंख्य माणसं खरोखरच बायको-पोरं गावी ठेवून दहा-बारा जणांच्या खोलीत राहत होती. त्यांचं खाजगी दुःख चारचौघांत म्हणता येण्याजोगं झालं, आणि मगच ते मागणीपर्यंत पोचलं. घरचं दुःख आणि सार्वजनिक मागणी यांच्यामधला हा जिना शाहिराने बांधला. तो जिना नसता तर सीमाप्रश्न त्या माणसाला नकाशावरची रेघ वाटला असता.

याच्या उलट टोकाला जयंत पवारांचं 'अधांतर' ठेवून पाहा. नाटक 1997 चं. मधल्या काळात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि तो रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. 'अधांतर'मध्ये गिरणी कामगाराच्या मागे राहिलेलं कुटुंब आहे. एक मुलगा लेखक होऊ पाहणारा, एक क्रिकेटमध्ये बुडालेला, एक टोळीच्या वाटेला लागलेला, एक मुलगी, आणि सगळ्यांना धरून ठेवणारी आई. नाटक घडतं चाळीतल्या त्या एका खोलीत. हे निव्वळ वास्तववादी नेपथ्य आहे असं समजू नका. शाहिरी गिरणगावात माणूस खोलीतून बाहेर पडून मैदानात बोलत होता. 'अधांतर'मध्ये तो खोलीतच ओरडतो, आणि ऐकायला घरचीच माणसं असतात. मधला जिना तुटलाय. पवारांचं मोठेपण हे की, हे तुटणं त्यांनी भाषण करून सांगितलं नाही, चार भिंतींतल्या कोंडीतून दाखवलं.

तो जिना का तुटला? नुसत्या टीव्हीमुळे नाही, तो फार सोपा आरोप आहे. पाळी गेली, म्हणजे ठरलेली वेळ गेली. पगार गेला, म्हणजे वर्गणी गेली. आणि मग जागा गेली. 1991 च्या विकास नियंत्रण नियमांत गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश घरांसाठी आणि उरलेला मालकासाठी, असं सूत्र होतं. 2001 मध्ये ते बदललं. वाटणी संपूर्ण जमिनीची न होता फक्त रिकाम्या जमिनीची होऊ लागली, आणि सार्वजनिक हिस्सा आटला. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो बदल टिकला. हा नियम कोणत्याही नाट्यविषयक पुस्तकात सापडणार नाही, पण मुंबईच्या रंगभूमीच्या इतिहासात त्याला एक प्रकरण द्यायला हवं. कारण माणसं मग डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्याला गेली. ज्याला शेवटची लोकल पकडायचीय तो रात्री अकराच्या तालमीला बसणार कसा?

आता माझ्याच म्हणण्यावर एक आक्षेप मला घेतला पाहिजे, नाहीतर मीही आठवणींच्याच सुरात गातोय असं होईल. ही लोकशाहीची शाळा होती म्हणतो, पण कोणासाठी? गावाची मंडळं बहुतेक वेळा वाडीची, भावकीची, म्हणजे सरळ सांगायचं तर जातीची होती. तालीम जातीच्या खोलीत व्हायची. आंबेडकरी जलशांनी स्वतःचा वेगळा रंगमंच उभारला, तो हौसेखातर नव्हे. आणि बायका? नमनात गौळणी आणि मावशी पुरुषच व्हायचे. हौशी नाटकात स्त्रीभूमिकेसाठी नटी बहुधा बाहेरून, मानधन देऊन आणली जायची. वस्तीतली बाई त्या वेळी त्याच नटांसाठी खानावळ चालवत होती. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं, ते याच खानावळवाल्या बायकांचं. सभा, हिशेब, कर्ज, ठराव हे सगळं त्या शिकल्या, पण रंगमंचाच्या वाटेने नाही. म्हणून जुनं गिरणगाव जसंच्या तसं परत आणा, असं मी म्हणणार नाही.

आजचं चित्र काय? कला संपलेली नाही. ढोल-ताशा पथकं आहेत, त्यांत मुली आहेत, ही मोठीच गोष्ट आहे. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा आहेत. ते मंडळ 1953 च्या कायद्याचं अपत्य, आणि त्याची रचनाच कामगार आणि मालक यांच्या वर्गणीवर उभी आहे. पण आज लोअर परळच्या टॉवरखाली पार्सल घेऊन उभा असलेला मुलगा, तिथला कंत्राटी सुरक्षारक्षक, यांचं नाव कोणत्या हजेरीपटावर आहे? स्पर्धेत तो कोणाच्या नावाने उतरणार? आणि गणेशोत्सव? 1934 पासून लालबागच्या मंडळाने जी गर्दी जमवली ती थक्क करणारी आहे. पण जुन्या मेळ्यांत वस्तीतली पोरं स्वतः गात, नाचत, टोमणे मारत. आताच्या रांगेत माणूस चार-चार तास, कधी रात्रभर उभा राहतो आणि पाहून पुढे सरकतो. मी श्रद्धेबद्दल बोलत नाहीये. करणारा माणूस पाहणारा झाला, एवढंच सांगतोय.

म्हणून माझी मागणी अगदी रुक्ष आहे. जिथे जिथे जुनं नाट्यगृह पाडून नवं बांधायचा करार होईल, तिथे समीक्षकांनी, रंगकर्मींनी आणि त्या वॉर्डातल्या मतदारांनी चार गोष्टी कागदावर मागाव्यात. हौशी आणि लोककलेच्या संस्थांसाठी वेगळं, परवडणारं भाडं. शनिवार-रविवारच्या काही तारखा त्यांच्यासाठी राखीव. रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी किमान एक तालमीची खोली, जिला जात, गाव, भावकी विचारली जाणार नाही आणि जिथे बाईला यायला-जायला भीती वाटणार नाही. आणि चौथी गोष्ट, या खोलीचा वर्षाचा हिशेब, कोणाला दिली, किती तास दिली, हा नाट्यगृहाच्या दारावर लावलेला.

यातलं काहीच नाट्यशास्त्रात बसत नाही, मला कल्पना आहे. पण खुर्च्या कितीही गुबगुबीत केल्या तरी समोर उभं राहणारं माणूस तयार व्हायला जागा लागते, आणि ती आता कोणाच्याच आराखड्यात नाही. प्रश्नोत्तरांसाठी थोडा वेळ ठेवलाय. तुमच्यापैकी जे आपल्या भागातल्या अशा एखाद्या खोलीबद्दल सांगू शकतील, त्यांनी आधी बोलावं.