खालच्या अर्ध्या पडद्यावर

वर्डपरफेक्ट ५.१ हा डॉसवरचा लेखनाचा प्रोग्राम सुरू केला की समोर काहीच येत नाही. निळा पडदा, वर डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारा कर्सर आणि तळाशी उजवीकडे एक ओळ : डॉक १, पेज १, लाइन १ इंच, पोझिशन १ इंच. मेनूची पट्टी नाही, बटणं नाहीत, मोजपट्टी नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, प्रोग्राम पुरता चालूच झालेला नाही. १९८९च्या नोव्हेंबरात ही आवृत्ती बाजारात आली तेव्हा विंडोज अजून बाळसं धरत होतं आणि डॉसवरचे बाकीचे प्रोग्राम पडदाभर याद्या पसरून बसत. इथे लिहिणाऱ्याला अख्खा पडदा मोकळा दिला होता.

पण ती तळाची ओळ नीट वाचावी. कॅप्स लॉक चालू असेल तर ‘पोझिशन’साठीची तीन अक्षरं कॅपिटल होतात. नम लॉक चालू असेल तर तीच लुकलुकू लागतात. कर्सर ठळक मजकुरात शिरला की त्यापुढचा आकडा ठळक होतो, अधोरेखित मजकुरात गेला की आकड्याचंही रूप बदलतं. एका शब्दात आणि एका आकड्यात इतकी माहिती बसवणाऱ्याची मला फार गंमत वाटते. ‘सगळं कॅपिटलमध्ये का उमटतंय?’ किंवा ‘बाण दाबला की आकडे का येतायत?’ या तक्रारींचं उत्तर तिथेच, डोळ्यांसमोर असतं. मात्र ते ओरडून सांगितलेलं नसतं.

या प्रोग्रामचा जन्म अमेरिकेतल्या युटा राज्यात झाला. ब्रिगहॅम यंग विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक ॲलन ॲश्टन आणि त्यांचा विद्यार्थी ब्रूस बॅस्टियन यांनी १९७९ साली ऑरेम शहराच्या नगरपालिकेसाठी, डेटा जनरल कंपनीच्या मिनिकॉम्प्युटरवर तो लिहायला घेतला. बॅस्टियन हा मुळात विद्यापीठाच्या बँडपथकाचा संचालक. आयबीएम पीसीवर वर्डपरफेक्ट १९८२मध्ये आलं. पुढे १९९४ साली कंपनी नॉव्हेलकडे गेली आणि १९९६ साली कोरेलकडे. व्यापाराची ही कथा पुष्कळांनी सांगितली आहे. कंपनीचे एक प्रमुख पीट पीटरसन यांचं त्यावर पुस्तकही आहे. मला बोलायचंय ते एका कळीबद्दल.

आल्ट धरून एफ३ दाबा, किंवा नुसतं एफ११. पडदा दोन भागांत फुटतो. मधे टॅबच्या खुणा आणि समास दाखवणारी एक आडवी पट्टी, वर तुमचा मजकूर जसाच्या तसा, आणि खाली तोच मजकूर, पण आतल्या सगळ्या खुणांसकट. या सोयीचं नाव ‘रिव्हील कोड्स’. जिथे तुम्ही एंटर दाबलं तिथे चौकटी कंसात ‘हार्ड रिटर्न’ची खूण. जिथे ओळ मावली नाही म्हणून प्रोग्रामने स्वतः मोडली तिथे ‘सॉफ्ट रिटर्न’. ठळक मजकूर सुरू होतो तिथे कॅपिटलमध्ये ‘बोल्ड’, संपतो तिथे तोच शब्द लहान लिपीत. समास बदलला असेल तर डावा किती इंच, उजवा किती इंच, आकड्यांसकट.

यामागची धारणा साधी आहे. दस्तऐवज म्हणजे अक्षरांची एक सलग माळ, आणि जी कळ तुम्ही जिथे दाबली तिची खूण त्या माळेत तिथेच ओवलेली. त्या खुणेपासून पुढचा सगळा मजकूर तिच्या हुकमात, पुढची तशीच खूण येईपर्यंत. म्हणून या प्रोग्राममध्ये बिघडलेल्या प्रत्येक गोष्टीला एक पत्ता असतो. सातव्या पानापासून ओळी अचानक आखूड झाल्या? जिथून त्या आखूड व्हायला लागल्या तिथे कर्सर न्यायचा, एफ११ दाबायचं आणि मागे मागे वाचत जायचं. थोड्याच अंतरावर समासाची खूण सापडते. तिच्यावर कर्सर ठेवून डिलीट केलं की पुढची सगळी पानं एका झटक्यात पूर्ववत. ठळक मजकुराच्या जोडखुणांपैकी एक उडवली की दुसरी आपोआप जाते. अर्धवट पान मोडलं असेल तर कुणीतरी कंट्रोल-एंटर मारल्याची खूण तिथे बसलेली असते. रकाना डगमगत असेल तर खालच्या भागात लगेच दिसतं, की एका ओळीत टॅब आहे आणि दुसरीत कुणीतरी अंदाजाने जागा सोडत गेलंय.

बारकावे तर असे आहेत की मुद्रितशोधकाने खूश व्हावं. साधा संयोगचिन्हाचा डॅश, ओळ मोडू न देणारा डॅश आणि फक्त ओळीच्या शेवटी उमटणारा डॅश : वरच्या पडद्यावर तिळे भाऊ, खाली तिघांच्या तीन वेगळ्या नोंदी. दोन शब्दांची ताटातूट होऊ नये म्हणून होम आणि मग स्पेसबार दाबून घातलेली जागा खाली कंसात बंद केलेली दिसते. अमेरिकेतल्या वकिलांच्या कचेऱ्या या प्रोग्रामवर वर्षानुवर्षं अडून बसल्या, मायक्रोसॉफ्ट वर्डने बाजार काबीज केल्यावरही. त्याचं एक कारण अर्थात सवय. दुसरं असं, की ओळींना क्रमांक, तळटीपा, उद्धृत खटल्यांची सूची असा सगळा पसारा असलेला दावा दाखल करायच्या दिवशीच बिघडतो, आणि त्या वेळी दोष हुडकता आला पाहिजे.

वर्डचं तसं नाही. तिथे परिच्छेदाचं सगळं रूप त्याच्या शेवटच्या परिच्छेदखुणेत साठवलेलं असतं. ती खूण सहसा दिसत नाही. चुकून ती पुसली गेली तर दोन परिच्छेद एकत्र होतात आणि त्यातल्या एकाचं रूपडं पालटतं. ही रचना चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. मोठ्या पुस्तकात शंभर शीर्षकं एकाच वेळी बदलायची असतील तर तीच सोयीची. पण तिथे दोष दिसतो एकीकडे आणि त्याचं मूळ असतं भलतीकडे, कुठल्याशा शैलीच्या चौकटीत. वर्डपरफेक्टमध्ये मूळ आणि परिणाम एकाच ओळीवर नांदतात.

इथे मराठी वाचकाला आपली दुखरी जागा आठवल्यावाचून राहणार नाही. वर्डपरफेक्टच्या भात्यात ग्रीक, हिब्रू, सिरिलिक, जपानी काना एवढं सगळं होतं, देवनागरी नव्हती. आपण डॉसवर सी-डॅकचं जिस्ट कार्ड घातलं, आणि पुढे विंडोजवर खासगी फॉन्टांच्या राज्यात आलो. तिथे मराठी अक्षर रोमन अक्षराच्या जागेवर बसवलेलं, आणि ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशीच व्यंजनाच्या आधी टंकलेली. फॉन्ट नाहीसा झाला की मजकुराची रोमन खिचडी उरते. युनिकोडमध्ये रूपांतर केलं तरी वेलांट्या आणि रफार परक्या अक्षरांना जाऊन चिकटतात. त्या फायलींना खालचा अर्धा पडदा कुणीच दिला नाही. हे अक्षर कोणत्या फॉन्टातलं, याची नोंद अक्षराच्या शेजारी ओवलेली असती तर आज कितीतरी जुने दिवाळी अंक सहज सोडवता आले असते.

असो. खुणा दिसतात, एवढ्यावर वर्डपरफेक्टचं कौतुक थांबत नाही. त्या शोधताही येतात. एफ२ दाबून शोध सुरू करा आणि शब्दाच्या जागी चक्क एंटर दाबा : शोधायच्या मजकुरात हार्ड रिटर्नची खूण बसते. नवख्यांची हमखास फसगत इथेच होते. शब्द टंकून झाला की हात सवयीने एंटरवर जातो, शोधात ती खूण मिसळते, आणि समोर असलेला शब्द ‘सापडला नाही’ असं उत्तर येतं. शोध चालू करायला पुन्हा एफ२च दाबायचं असतं. हा विक्षिप्तपणा वाटतो, पण त्याच्यामागे तर्क आहे : एंटर ही इथे आज्ञा नाही, तेही एक अक्षर आहे.

आणि त्या एका तर्कातून केवढं काम निघतं! दुसऱ्या प्रोग्राममधून आलेला मजकूर घ्या, ज्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर आहे आणि परिच्छेदांमध्ये दोन एंटर. हाताने जोडत बसलं तर दिवस जाईल. आधी होम, होम, वरचा बाण दाबून अगदी आरंभी जायचं. मग आल्ट-एफ२ने दोन सलग एंटरांच्या जागी मजकुरात कुठेच नसलेली एखादी खूण घालायची, समजा दोन हॅश. मग उरलेल्या प्रत्येक एंटरच्या जागी एक मोकळी जागा. शेवटी दोन हॅशच्या जागी पुन्हा दोन एंटर. तीन फेऱ्यांत मजकूर वाहता होतो. ही युक्ती आज कुठल्याही संपादकात चालते, फक्त तिथे एंटरसाठी कसलं तरी सांकेतिक चिन्ह पाठ करावं लागतं. ५.१ची मर्यादा एवढीच, की समासाची खूण शोधता येते, पण ‘दोन इंची समासाचीच’ असं म्हणून शोधता येत नाही. ती सोय ६.०मध्ये आली.

रसिकाने दोषांकडे डोळेझाक करू नये. मदतीसाठी सगळं जग एफ१ दाबतं. इथे मदत एफ३वर आहे आणि एफ१वर ‘रद्द करा’. एस्केप दाबून सुटका होईल असं वाटतं, तर ‘रिपीट व्हॅल्यू ८’ असा निरोप येतो आणि पुढचं अक्षर आठदा उमटतं. कळलं की उपयोगी : एस्केप, मग तारका, की आठ तारकांची ओळ तयार. पण कळेपर्यंत माणूस वैतागतो. दहा-बारा फंक्शन कळा आणि प्रत्येकीची चार रूपं, म्हणून कीबोर्डवर ठेवायची रंगीत पट्टी सोबत मिळायची : लाल म्हणजे कंट्रोल, हिरवा शिफ्ट, निळा आल्ट, काळा म्हणजे नुसती कळ. ती पट्टी हरवलेला माणूस खरोखर निराधार. ५.१ने आल्ट आणि बरोबरीचं चिन्ह दाबून उघडणारे मेनू दिले, पण मुरलेले लोक त्यांच्या वाटेला फारसे जात नसत.

एफ१बद्दल मात्र एक चांगला शब्द. रद्द करण्यासारखं काही नसताना ते दाबलं तर शेवटच्या तीन खोडलेल्या गोष्टी एकेक करून परत देतं. आजच्या ‘अनडू’सारखं ते काळ उलटं फिरवत नाही, खोडलेलं तेवढं कर्सरपाशी आणून ठेवतं. त्यामुळे परिच्छेद एकीकडे खोडून दुसरीकडे एफ१ने उतरवायचा, हीच हलवाहलवीची सर्वात जलद रीत ठरली.

अडलात तर फोन. कंपनीची फुकट दूरध्वनी सेवा त्या काळी नावाजलेली होती. रांगेत ताटकळणाऱ्यांसाठी आकाशवाणीच्या निवेदकासारखा खराखुरा माणूस बसवलेला असे. तो गाणी लावी आणि कुठल्या विभागाला किती वेळ लागेल ते सांगे. आता तो फोन नाही. तरी जुन्या प्रतीचं दुखणं बहुधा मोजक्या जागी असतं. सुरू होताच विचित्र वागत असेल तर आज्ञेपुढे तिरकी रेघ आणि एक्स लावून सुरू करावं : साठवलेली सेटिंग बाजूला ठेवून प्रोग्राम मूळ रूपात उघडतो. तसा नीट चालला तर दोष सेटिंगच्या फायलीत. जुनी बॅकअप फाइल आहे, नाव बदलू की पुसू, असं विचारलं तर नेहमी नाव बदलावं. वीज गेली तेव्हाचा मजकूर बहुधा त्यातच असतो.

आजच्या चौसष्ट बिटांच्या विंडोजवर सोळा बिटांचे डॉस प्रोग्राम मुळात चालतच नाहीत. डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्स घ्यावा, तर तो खेळांसाठी बनलेला. त्यात कंट्रोल-एफ९ दाबलं की अख्खा डॉसबॉक्स तत्क्षणी बंद होतो, आणि वर्डपरफेक्टमध्ये तोच जोड पत्रं जुळवण्याचा आणि याद्या लावण्याचा! कंट्रोल-एफ५ तिथे पडद्याचा फोटो काढतं, इथे डॉस मजकूर आत-बाहेर करतं. आल्ट-एफ४ने इथे मजकूर निवडायचा, तर विंडोजमध्ये त्याच जोडाने खिडकी मिटते. म्हणून निवडीसाठी एफ१२ची सवय लावावी. डॉसबॉक्सच्या कळा आधी बदलून घ्याव्यात, नाहीतर अशाच कामासाठी घडवलेला व्हीडॉस वापरावा. छापायला पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर निवडून फायलीत छापावं आणि घोस्टस्क्रिप्टने तिची पीडीएफ करावी. या सगळ्याची सर्वात निगुतीने जुळणी करणारा माणूस तंत्रज्ञ नाही, कोलंबिया विद्यापीठातला इंग्रजीचा प्राध्यापक आहे : कवी ऑडेनच्या साहित्याचे व्यवस्थापक एडवर्ड मेंडेलसन. मला याचं मुळीच नवल वाटत नाही. ज्याला पाठभेदांची गोडी, त्याला हा प्रोग्राम आवडणारच.

नुसता मजकूर हवा असेल तर लिब्रेऑफिस या जुन्या फायली बऱ्यापैकी उघडतं. फायलीच्या नावाला शेपूट नसलं तरी घाबरू नये. पूर्वी तिथे लोक ग्राहकाचं नाव नाहीतर तारीख घालत. लिब्रेऑफिसमध्ये मजकूर येतो, रूपही पुष्कळसं येतं, पण खुणांची मूळ रांग येत नाही. म्हणून फायलीची प्रत काढून ती एकदा ५.१मध्येच उघडावी. होम, होम, होम, वरचा बाण : तीनदा होम दाबलं की कर्सर पहिल्या खुणेच्याही मागे जातो. मग एफ११. जुन्या फायलींच्या माथ्यावर अनेकदा समासाच्या चार-पाच खुणा एकापुढे एक रचलेल्या दिसतात. आधी एक इंच, मग दीड, मग सव्वा, पुन्हा एक. ५.१ आधीची खूण पुसत नाही, फक्त शेवटचीला मानतं. लिहिणाऱ्याने पान मांडताना किती वेळा मन बदललं, ते क्रमाने वाचता येतं. पुढच्या ६.०ने अशा खुणा परिच्छेदाच्या आरंभी नेऊन आपणहून साफ करायला सुरुवात केली. ती आवृत्ती अधिक शहाणी आहे, पण मी अजून ५.१च उघडतो.