‘सूचनेप्रमाणें बदल करा’

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं, हायस्कुलांत जाणारें मूल असेल तर, दोन पुस्तकें हटकून सांपडतील. एक तर्खडकरांची ‘भाषांतर पाठमाला’. ही बहुधा वडिलांची किंवा आजोबांची, पुठ्ठा सुटलेली. दुसरें रेन आणि मार्टिन ह्या जोडीचें हायस्कूल इंग्रजी व्याकरण. हें नवें, जाड, आणि मुलानें नव्हे तर वडिलांनीं हौसेनें आणलेलें. महाराष्ट्रांत २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जातो. म्हणजे मराठी शाळेंतला मुलगा दहावीला बसतो तेव्हां तो दहा वर्षें इंग्रजी शिकलेला असतो. ह्या दहा वर्षांत त्यानें गाळलेल्या जागा भरल्या, प्रयोग बदलले, काळ बदलले, शब्दांचे अर्थ पाठ केले. आणि तरीही, आजारी मित्राला पंधरा ओळींचें पत्र लिही म्हटलें कीं त्याची लेखणी थांबते. असें कां व्हावें, ह्याचें उत्तर ह्या दोन पुस्तकांच्या तुलनेंत सांपडतें असें आम्हांस वाटतें, आणि तें रूढ समजुतीच्या उलट आहे.

रेन-मार्टिन प्रथम घेऊं. पी. सी. रेन हे ‘बो जेस्त’ (१९२४) ह्या साहसकथेचे कर्ते म्हणून इंग्रजी वाचकांस ठाऊक आहेत. त्यांनीं हिंदुस्थानच्या शिक्षणखात्यांत कांहीं वर्षें नोकरी केली होती. १९४१ सालीं ते वारले. पुढें एन. डी. व्ही. प्रसाद राव यांनीं पुस्तकावर नवे संस्कार केले, आणि आजही त्याची मागणी ओसरलेली नाहीं. ती मागणी फुकाची नव्हे. व्याख्या नेटक्या, मांडणी शिस्तीची, प्रश्न भरपूर. शिक्षकाच्या टेबलावर असावें असेंच तें पुस्तक आहे. परंतु तें उघडतांच एक गोष्ट लक्षांत यावयास हवी : इंग्रजीचें हें व्याकरण इंग्रजींतच समजावून दिलेलें आहे. भाववाचक नामाची इंग्रजी व्याख्या ज्याला वाचून कळते, त्याला निम्में इंग्रजी आधींच आलेलें असतें. ज्याच्या कानांवर ती भाषा जन्मापासून आहे, त्याला व्याकरण तो बोलतोच आहे त्याचीं नांवें सांगतें. ज्याला ती अजून यावयाची आहे त्याला नांवापूर्वीं वस्तु हवी. हा दोष ग्रंथकारांचा नव्हे. औषधाची बाटली जेवणाच्या पानांत वाढणाऱ्यांचा आहे.

ह्या पुस्तकांतून, आणि त्याच्या वळणावर निघालेल्या मार्गदर्शकांतून, मुलांच्या वांट्यास जें काम येतें त्याचा मुख्य भाग म्हणजे रूपांतर. परीक्षेंतली ‘सूचनेप्रमाणें बदल करा’ ही आज्ञा कोणास ठाऊक नाहीं? आतां तिची एक मौज पाहा. ‘रामानें आंबा खाल्ला’ हें वाक्य मराठीच्या तासाला कर्मणि प्रयोगाचें म्हणून शिकविलें जातें. क्रियापद आंब्याच्या लिंगवचनाप्रमाणें चालतें, रामाच्या नव्हे. पुढच्या तासाला त्याच वाक्याचें इंग्रजी फळ्यावर येतें आणि तें ‘ॲक्टिव्ह’, म्हणजे कर्तरि, ठरतें. त्याचें ‘पॅसिव्ह’ करून मराठींत आणावें तर ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’. आणि हें वाक्य महाराष्ट्रांत आंबा खाणारा कोणीही मनुष्य बोलत नाहीं. आमच्या व्याकरणकारांनीं अशा रचनेला ‘नवीन कर्मणि’ असें नांव देऊन तिची सोय लावली आहे. पण मुलाच्या डोक्यांतला गोंधळ तेवढ्यानें मिटत नाहीं. एकच संज्ञा दोन तासांना दोन निराळ्या गोष्टींना लावली जाते, हें त्याला कोणी सांगत नाहीं. शिवाय इंग्रज हा प्रयोग योजतो तो बहुधा कर्ता ठाऊक नसेल किंवा त्याचें नांव सांगण्याचें कारण नसेल तेव्हां : चोर पकडला गेला, रस्ता बंद करण्यांत आला. जो कर्ता मुद्दाम बाजूस सारावयाचा, त्यालाच ‘बाय’ लावून वाक्याच्या शेपटाला बांधण्याची कवाईत आमचीं मुलें वर्षानुवर्षें करीत असतात.

तीच गत ‘इन्डायरेक्ट स्पीच’ची. मराठींत ‘तो म्हणाला कीं मी उद्यां येतों’ असें बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवून चालतें. इंग्रजींत ‘मी’चा ‘तो’ होतो आणि काळ मागें सरतो. हा भेद खरा आणि शिकण्याजोगा. पण मुलाच्या हातीं पडतें तें एक कोष्टक : ‘टुमॉरो’चें ‘द नेक्स्ट डे’ करा. निरोप आजच सांगावयाचा असेल तर उद्यांचा दिवस उद्यांच राहतो, हें कोष्टक सांगत नाहीं; कारण कोण, कोणास, केव्हां बोलतो आहे ह्याची त्याला चौकशीच नाहीं.

ह्याच चौकशीच्या अभावीं ‘अ’, ‘अॅन’ आणि ‘द’ हीं उपपदें आमच्या मुलांस छळतात. मराठींत उपपद नाहीं म्हणून तें कठीण, असें कारण देण्यांत येतें. तें अर्धेंच खरें आहे. ‘एक राजा होता, त्या राजाला दोन राण्या होत्या’ असें प्रत्येक आजी सांगते. पहिल्यानें भेटणारा राजा ‘एक’, आणि ओळखीचा झालेला ‘तो’. उपपदांचें निम्में रहस्य एवढ्यांत आहे, आणि तें मुलाला शाळेंत जाण्यापूर्वींच कळलेलें असतें. वर्गांत मात्र त्याच्यापुढें एक सुटें वाक्य ठेवतात : ‘मीं अमुक पेन विकत घेतलें’, अमुकच्या जागीं योग्य उपपद लिहा. कोणतें पेन? ज्याविषयीं आधीं बोलणें झालें तें, कीं दुकानांतलें कोणतेंही? वाक्य एकटें असेल तर दोन्ही उत्तरें बरोबर, आणि गुण मात्र एकालाच.

आतां तर्खडकर. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची पाठमाला जुनाट म्हणून हिणविली जाते. भाषांतरानें इंग्रजी येत नाहीं, इंग्रजींतच विचार केला पाहिजे, असा उपदेश सर्वत्र ऐकूं येतो. पुस्तकाचे दोष आम्ही झांकीत नाहीं. वाक्यें एकमेकांस अनोळखी, इंग्रजीही जुन्या घाटाचें. परंतु त्याची बैठक पक्की आहे. नियम मराठींत सांगितलेला, आणि भाषांतरासाठीं दिलेलें मराठी वाक्य मुलाला आधींच समजलेलें. काय म्हणावयाचें हें ठाऊक असून कसें म्हणावें एवढेंच शोधावयाचें, ही लिहिणाऱ्याची खरी अवस्था. ती येथें आरंभापासूनच निर्माण होते. रूपांतराचे प्रश्न सोडविणाऱ्याला वाक्याचा अर्थ न कळतांही पैकींच्या पैकीं गुण मिळूं शकतात; मराठीचें इंग्रजी करणाऱ्याला तें शक्य नाहीं. ज्याच्यापाशीं चारशें इंग्रजी शब्द आहेत त्याला ‘इंग्रजींत विचार कर’ म्हणणें म्हणजे चारशें शब्दांपुरताच विचार कर असें सांगणें होय.

तर्खडकर खरोखर अपुरे पडतात ते शब्दसंग्रहांत. एका मराठी शब्दासमोर एक इंग्रजी शब्द ही रीत त्यांच्या पाठमालेंतही आहे आणि आजच्या प्रत्येक मुलाच्या वहींतही आहे. पण नुसता ‘लागणें’ हा धातु घ्या. ठेंच लागते, आग लागते, वेळ लागतो, नोकरी लागते, आंबा गोड लागतो, पोर रडूं लागतें. इंग्रजींत ह्या सहांना सहा निराळीं क्रियापदें. उलट ‘मेक’ आणि ‘डू’ दोहोंचा अर्थ वहींत ‘करणें’ असाच लिहिलेला. चूक कोणत्या शब्दानें करावयाची आणि गृहपाठ कोणत्या, हें वही सांगत नाहीं. शब्द सोबत्यासह शिकावा लागतो. ज्यांनीं हें ओळखून काम केलें त्यांपैकीं दोघे आशियांतच शिकवीत होते. मायकेल वेस्ट यांनीं बंगालमध्यें शिकवितांना मिळालेल्या अनुभवावर आपलें काम उभारलें, आणि १९५३ सालीं सुमारें दोन हजार उपयुक्त शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तींत शब्दाचा कोणता अर्थ किती वेळां येतो हेंही दिलेलें आहे. ए. एस. हॉर्नबी व त्यांचे सहकारी यांनीं जपानांत तयार केलेला कोश १९४२ सालीं टोकियोंत निघाला आणि १९४८ सालीं ऑक्सफर्डनें छापला. कोणतें क्रियापद कोणत्या रचनेंत बसतें हें दाखविणें हाच त्याचा विशेष. आमच्याकडे मात्र पालक कठीण शब्दांच्या याद्या आणून देतात. परिणाम असा कीं ‘मॅग्नॅनिमस’ पाठ असलेला मुलगा ‘गेट’पाशीं अडखळतो.

हा नुसता शिक्षणशास्त्राचा वाद नव्हे. मराठी शाळेंतून निघालेली मुलगी महाविद्यालयांत पहिलें वर्षभर तोंड उघडीत नाहीं, तेव्हां घरचीं माणसें शिकविण्याच्या रीतीला दोष देत नाहींत. माध्यमाला देतात, आणि धाकट्याला इंग्रजी शाळेंत घालतात. थोरलीला दहा वर्षांत इंग्रजींतून स्वतःचें एकही म्हणणें मांडावयास सांगितलें गेलें नव्हतें, हें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं.

तर्खडकरांची नवी आवृत्ति काढणाऱ्या प्रकाशकानें ‘लागणें’, ‘घेणें’ आणि ‘बसणें’ ह्या धातूंना स्वतंत्र पाठ द्यावे, आणि सुटीं वाक्यें मोडून त्यांचे पांच-सहा ओळींचे उतारे करावे. रेन-मार्टिन फडताळांतून काढून टाकण्याचें कारण नाहीं. मुलानें स्वतःच्या मनांतलें पान-दीड पान लिहिल्यावर, त्यांतली चूक कोणत्या नियमाची हें पाहण्यास तें हाताशीं असावें. ‘बाय राम’चे प्रश्न मात्र गाळले तरी चालतील, आंबा रामानेंच खाल्ला हें आतां सर्वांना कळलें आहे.