पाळत आणि जागल : ‘पॅनॉप्टिकॉन’ या भागातील न्यायाधिकाराचा प्रश्न

कायद्याची यंत्रणा अपुरी पडते किंवा भ्रष्ट होते, तेव्हा एखादी व्यक्ती अथवा गट न्याय स्वतःच्या हाती घेतो, हे अमेरिकन लोकप्रिय कथनातील एक जुने आशयसूत्र आहे. त्याला ऐतिहासिक आधार आहे. सॅन फ्रान्सिस्को येथे १८५१ मध्ये आणि पुन्हा १८५६ मध्ये नागरिकांनी दक्षता समित्या स्थापन केल्या. या समित्यांनी स्वतःच खटले चालवले आणि स्वतःच फाशी दिली. अशा न्यायकर्त्यांसाठी रूढ झालेला ‘व्हिजिलान्टे’ हा शब्द स्पॅनिशमधून आलेला असून त्याचे मूळ ‘जागे राहणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. म्हणजे शब्दाच्या मुळाशी पहारा आहे, शिक्षा नाही. पहारेकरी हा न्यायाधीश आणि दंडाधिकारी कोणत्या अधिकाराने झाला, हा प्रश्न या प्रकारच्या प्रत्येक कथेपुढे उभा असतो, आणि बहुतेक कथांची रचना तो प्रश्न वाचकाला पडू नये अशीच केलेली असते.

या संदर्भात एक उदाहरण उद्बोधक आहे. ब्रायन गारफील्ड यांच्या ‘डेथ विश’ (१९७२) या कादंबरीत सूडाने पेटलेल्या नायकाची वाटचाल ही एका माणसाची विकृतीकडे होणारी घसरण म्हणून येते. १९७४ मध्ये तिच्यावर निघालेल्या चित्रपटात मात्र तीच वाटचाल प्रेक्षकांच्या टाळ्यांचा विषय झाली. माध्यमांतरात घटना फारशा बदलल्या नाहीत. बदलला तो त्यांच्याकडे पाहण्याचा कोन. नायक ज्याला मारतो तो खरोखरच अपराधी आहे, हे कॅमेऱ्याने आधी दाखवून दिले की नायकाच्या अधिकाराचा प्रश्न आपोआप मिटतो. या कथाप्रकारातील न्याय हा अशा रीतीने मुळात दृष्टीच्या विशेषाधिकारावर उभा असतो. जो अधिक पाहतो तो न्याय करतो, आणि प्रेक्षक त्याच्याबरोबर पाहत असल्यामुळे त्याचा सहभागी होतो.

दूरचित्रवाणीवरील ‘पर्सन ऑफ इंटरेस्ट’ ही मालिका (सीबीएस, २०११ ते २०१६) या गृहीतालाच कथावस्तू बनवते, म्हणून ती विशेष अभ्यासनीय ठरते. जोनाथन नोलन हे तिचे निर्माते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर हॅरॉल्ड फिंच हा संगणकतज्ज्ञ सरकारसाठी एक ‘यंत्र’ तयार करतो. कॅमेरे, दूरध्वनी, पत्रव्यवहार या सर्वांवर नजर ठेवून ते यंत्र संभाव्य दहशतवादी कृत्ये ओळखते. सामान्य माणसांच्या वाट्याला येणारे गुन्हेही त्याला दिसतात. परंतु सरकारच्या लेखी ते ‘असंबद्ध’ असतात. या असंबद्ध ठरवलेल्या माणसांचे केवळ ओळखक्रमांक फिंचच्या हाती येतात. तो माणूस बळी आहे की अपराधी, हे क्रमांकावरून कळत नाही. माजी गुप्तहेर जॉन रीस आणि पुढे समीन शॉ व रूट यांच्या साहाय्याने फिंच त्या माणसांपर्यंत पोहोचतो.

नोलन यांच्याच आधीच्या लेखनाशी याची तुलना करता येईल. ‘द डार्क नाइट’ (२००८) या चित्रपटाचे ते सहपटकथाकार होते. त्यात बॅटमॅन शहरातील सर्व दूरध्वनींचे रूपांतर एका पाळत-यंत्रात करतो. त्याचा सहकारी ल्युशियस फॉक्स या गोष्टीला नैतिक हरकत घेतो आणि एकाच वापरानंतर ते यंत्र नष्ट केले जाते. तीन वर्षांनी आलेल्या मालिकेत मात्र अपवाद होता तो पाया झाला. २००८ मध्ये जे यंत्र नायकाला कलंकित करते म्हणून मोडावे लागते, तेच २०११ मध्ये नायकत्वाची पूर्वअट बनते. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांनंतर तर या कल्पितकथेला वृत्तपत्रीय वास्तवाचा शेजार लाभला. आता पाळतीची केवळ कल्पना पुरेशी नव्हती. तिच्याविषयी भूमिका घेणे मालिकेला भाग होते.

ही भूमिका सर्वांत स्पष्टपणे चौथ्या पर्वाच्या पहिल्या भागात दिसते. २३ सप्टेंबर २०१४ रोजी प्रक्षेपित झालेल्या या भागाचे शीर्षक ‘पॅनॉप्टिकॉन’ असे आहे. जेरेमी बेन्थम यांनी १७९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्तुळाकार तुरुंगाच्या योजनेचे हे नाव. मधल्या मनोऱ्यातला पहारेकरी प्रत्येक कोठडी पाहू शकतो, कैद्याला मात्र तो दिसत नाही. पहारेकरी आहे की नाही हेच कळत नसल्यामुळे कैदी स्वतःच स्वतःवर पहारा ठेवू लागतो. मिशेल फूको यांनी १९७५ मध्ये या वास्तुरचनेत आधुनिक शिस्तप्रधान समाजाचे प्रारूप पाहिले, हे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे.

पर्वाचा पहिला भाग हा मालिकेच्या रूपबंधात एक विशेष जागा व्यापतो. मागील घटनांची आठवण आणि प्रेक्षकाशी नवा करार, अशी दोन कामे त्याला एकाच वेळी करावी लागतात. येथे हा करार बराच कठोर आहे. तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस ‘समॅरिटन’ हे प्रतिस्पर्धी यंत्र कार्यान्वित झालेले असते. एका लोकप्रतिनिधीला ठार मारून ते रोखता आले असते. पण फिंचने ती हत्या नाकारलेली असते. पाळतीला विरोध करणारी ‘व्हिजिलन्स’ नावाची उग्र संघटनाही समॅरिटनच्या चालकांनीच उभी केली होती, हे उघड झालेले असते. चौथ्या पर्वाच्या आरंभी फिंचचा गट खोट्या नावांनी जगत आहे. फिंच प्राध्यापक झाला आहे, रीस अमली पदार्थविरोधी पथकात पोलीस अधिकारी आहे, आणि शॉ एका मोठ्या दुकानात सौंदर्यप्रसाधने विकते. गटाचे पूर्वीचे ठाणे, म्हणजे वापरातून गेलेले एक ग्रंथालय, आता हातून गेले आहे.

या स्थितीतील सूक्ष्म भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. समॅरिटनला ही माणसे दिसतात. परंतु ती ओळखू येत नाहीत. रूटने त्याच्या आज्ञावलीत पेरलेल्या दोषामुळे त्यांचे खरे रूप त्याच्या नजरेआड राहते. हे संरक्षण टिकते ते नेमून दिलेल्या भूमिकेप्रमाणे ती वागत राहिली तरच. प्राध्यापकाने शिकवले पाहिजे, पोलिसाने पोलिसासारखे वागले पाहिजे, विक्रेतीने गिऱ्हाइकापुढे हसले पाहिजे. बेन्थमच्या कैद्याप्रमाणेच त्यांना आपल्या वागण्यावर आपणच पहारा ठेवावा लागतो. तीन पर्वे जो गट मनोऱ्यात होता, तो आता कोठडीत आला आहे. रीसने पूर्वी केलेली प्रत्येक सुटका ही दुसऱ्याच्या खासगी आयुष्यात न विचारता केलेल्या शिरकावावर आधारलेली होती; त्या शिरकावाचे स्वरूप या भागात प्रथमच आतून अनुभवास येते.

कथनाच्या तंत्रातही हा बदल उतरला आहे. या मालिकेत निवेदकाचे काम बऱ्याच अंशी पाळतीचा कॅमेरा करतो. उंचावरून टिपलेली दाणेदार दृश्ये आणि माणसांभोवती उमटणारे रंगीत चौकोन पाहूनच आपण पात्रांना भेटतो. पहिल्या तीन पर्वांत हा डोळा आपल्या बाजूचा आहे, याची खात्री असल्यामुळे त्याचे पाहणे प्रेक्षकाला आश्वासक वाटू लागलेले असते. चौथ्या पर्वात हीच दृश्यभाषा शत्रूच्या हाती जाते. खुणांची आकृती बदलते, दृष्टी तीच राहते. पाहण्याच्या या व्याकरणात स्वतःचा असा कोणताही सद्गुण नव्हता, ही जाणीव येथे होते. मालिकेतील ही सर्वांत प्रामाणिक सूचना आहे, कारण तिचा रोख पात्रांइतकाच प्रेक्षकाकडेही वळतो.

तथापि, ही सूचना कथानक शेवटपर्यंत निभावत नाही. समॅरिटनची योजना हीच मुळात एक सोय आहे. सर्वंकष पाळत ठेवणारे एक निर्दय यंत्र समोर आणले की पहिले यंत्र तुलनेने सौम्य, जवळजवळ करुणामय भासते. ‘कोणीही कोणावर अशी पाळत ठेवावी काय’ हा राजकीय प्रश्न मागे पडतो आणि ‘कोणाच्या यंत्राचे अंतःकरण चांगले’ हा वैयक्तिक नीतीचा प्रश्न पुढे येतो. नावातली विडंबना बोलकी आहे. लूकच्या शुभवर्तमानातील दृष्टान्तकथेतला समॅरिटन वाटेवरच्या जखमी माणसाला तो कोण हे न विचारता मदत करतो. मालिकेतील समॅरिटनला आधी सर्व काही जाणून घ्यायचे असते. पण फिंचच्या यंत्रालाही आधी सर्व काही ठाऊक असतेच. ते फक्त फारच थोडे सांगते. जाणून मौन पाळणे आणि मुळात न जाणणे यांत जे अंतर आहे, ते येथे पुसट केले जाते.

या भागातील क्रमांक ज्याचा आहे त्या अली हसनकडे याच दृष्टीने पाहावे लागते. त्याचे न्यूयॉर्कमध्ये विद्युत उपकरणांचे दुकान आहे. एक गुंडटोळी मुलाच्या जिवाची भीती घालून त्याच्याकडून आपल्यासाठी गुप्त संदेशवहनाचे जाळे उभारून घेते, आणि तो इमारतींवर उरलेल्या दूरचित्रवाणीच्या जुन्या अँटेनांचा त्यासाठी वापर करतो. शहर, व्यवसाय आणि नाव यांचा हा मेळ २०१४ मध्ये निरुपद्रवी नव्हता. न्यूयॉर्क पोलिसांचे एक पथक २००१ नंतर मुस्लिम वस्त्यांतील दुकाने, उपाहारगृहे आणि मशिदी यांवर वर्षानुवर्षे गुप्त पाळत ठेवत होते. २०११ मध्ये वृत्तसंस्थेने ते उजेडात आणले. आपल्या कार्यकाळात त्या पाळतीतून तपासाचा एकही धागा मिळाला नाही, अशी जबानी पोलीस विभागाच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याने २०१२ मध्ये दिली, आणि एप्रिल २०१४ मध्ये ते पथक बंद झाले. हा भाग प्रक्षेपित झाला तो त्यानंतर पाच महिन्यांनी.

मालिका या इतिहासाचा उच्चार करत नाही. ती अलीला संशयिताच्या साच्यात बसवत नाही, त्याला एक घाबरलेला, कल्पक बाप म्हणून उभे करते. ही तिची जमेची बाजू. परंतु ज्या शहरात खरीखुरी पाळत अशाच दुकानदारांवर होती, तेथे त्याचे भले पाळतीतूनच होते, ही मांडणी इतिहासाला उलटे करते. तरीही अलीच्या निमित्ताने या भागात एक वेगळी शक्यता क्षणभर चमकून जाते. त्याचे जाळे कोणाला पाहत नाही. ते फक्त एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत नेते. पुढे नायकगटाचे सुरक्षित संभाषणही याच जाळ्यामुळे शक्य होते. पाहणाऱ्या यंत्राला पर्याय म्हणून बोलणारे आणि ऐकणारे साधन एका सामान्य कारागिराच्या हातून घडते. मालिकेच्या संपूर्ण पटावर मनोऱ्याच्या बाहेरची म्हणता येईल अशी ही दुर्मीळ कल्पना आहे.

येथे मराठीतील एका शब्दाचा आधार घेणे उपयुक्त ठरेल. पारंपरिक ग्रामव्यवस्थेत गावाचा रात्रीचा पहारा करणाऱ्यास ‘जागल्या’ म्हणत. शेतराखणीच्या जागरणासाठी ‘जागल’ हा शब्द आजही वापरात आहे. ‘व्हिजिलान्टे’ आणि ‘जागल्या’ हे दोन्ही शब्द जागे राहण्याच्या एकाच कृतीतून निघाले. त्यांच्या वाटा मात्र भिन्न आहेत. जागल्याचे काम पाहणे, हाक देणे आणि गावाला जागे करणे एवढेच. शिक्षा त्याच्या अखत्यारीत नव्हती. त्याला गावापुढे जाब द्यावा लागे, आणि गाव त्याला नावाने ओळखत असे. या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. ते काम जातींच्या उतरंडीने वंशपरंपरेने लादलेले होते, आणि गावाने जागल्याला दिलेली जागा न्यायाची नव्हती. अलीकडे सत्तेतील गैरव्यवहार उघड करणाऱ्यासाठी मराठीने हाच शब्द स्वीकारला, हे मात्र अर्थपूर्ण आहे. जागे राहणे आणि इतरांना जागे करणे हा अर्थ त्यात टिकून राहिला.

या तुलनेतून फिंचच्या गटाची उणीव नेमकी सांगता येते. ती हिंसेत नाही आणि केवळ कायदाभंगातही नाही. ज्यांच्यासाठी हा गट जागा राहतो त्यांना तो कधीही जागे करत नाही. तीन पर्वे संकटांतून वाचलेल्या माणसांपैकी फारच थोड्यांना आपल्यावर नजर होती हे कळते, आणि त्यावर त्यांचे मत तर कोणीच विचारत नाही. शिवाय ‘व्हिजिलन्स’ ही संघटना बनावट ठरवून मालिकेने पाळतीला होणारा संघटित विरोधच कथेतून बाद केलेला आहे. मग जाब विचारणारे कोणी उरतच नाही. उरतात ते फक्त चांगले आणि वाईट पहारेकरी.

भागाच्या शेवटी फिंचला स्वतःच्या नावावर असलेल्या बनावट प्रबंधातील चुका खटकतात. त्या चुकांत यंत्राने ठेवलेल्या खुणा त्याला एका वापरात नसलेल्या भुयारी रेल्वे स्थानकापर्यंत नेतात. गटाला नवे ठाणे मिळते आणि काम पुन्हा सुरू होते. रीसची बदली हत्या-तपास पथकात होते आणि तो मृत सहकारी कार्टरच्या मेजावर जाऊन बसतो. प्रसंग हृद्य आहे. कार्टरने हा गट आणि कायदा यांच्यामध्ये उभे राहून जी किंमत मोजली, तिची आठवण त्यात आहे. परंतु विचाराच्या अंगाने पाहता येथे कोठडीतला अनुभव संपतो. न दिसता पाहण्याची जागा नायकांना परत मिळते; मनोरा उंचावर नसून जमिनीखाली आहे, एवढाच फरक.

‘पॅनॉप्टिकॉन’ हा भाग अशा रीतीने आपल्या कथाप्रकाराचे गृहीत उघडे करतो आणि पुन्हा झाकतो. सुमारे पाऊण तास न्यायकर्त्यांना पाळतीखालचे नागरिक म्हणून जगायला लावणे हे त्याचे यश, आणि त्या अनुभवातून कोणताही जाब निष्पन्न होऊ न देणे ही त्याची मर्यादा. स्वयंनियुक्त न्यायकर्त्यांच्या कथा भारतीय भाषांतही विपुल आहेत. त्यांचा तौलनिक अभ्यास करताना नायकाचा हेतू शुद्ध होता की नाही, एवढ्यावर थांबून चालणार नाही. तो कोणाच्या वतीने जागा होता आणि सकाळी कोणापुढे उभा राहिला, हेही त्या संहितांना विचारावे लागेल.