इमान आणि सत्य : ‘द आर्ट ऑफ रेसिंग इन द रेन’ या कादंबरीतील श्वान-निवेदक आणि कुटुंबचित्रण

प्रस्तावना :

मराठीतील ‘कादंबरी’ ही संज्ञा ज्या ग्रंथाच्या नावावरून रूढ झाली, त्या बाणभट्टाच्या सातव्या शतकातील संस्कृत गद्यकथेत कथेचा मोठा भाग एका पोपटाच्या मुखातून येतो. शूद्रक राजाच्या दरबारात आणलेला हा वैशंपायन नावाचा पोपट पूर्वजन्मी मनुष्य होता. मानवेतर निवेदक आणि जन्मांतर ही दोन्ही सूत्रे आपल्या वाङ्मयपरंपरेला मुळीच अपरिचित नाहीत, हे यावरून स्पष्ट होते. पाश्चात्त्य साहित्यात टॉलस्टॉयची ‘खोल्स्तोमेर’ ही १८८६ साली प्रसिद्ध झालेली घोड्याची कथा आणि व्हर्जिनिया वुल्फ यांची कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग यांच्या कुत्र्यावरील ‘फ्लश’ (१९३३) ही याच दिशेची महत्त्वाची उदाहरणे होत. अमेरिकन लेखक गार्थ स्टाइन यांची ‘द आर्ट ऑफ रेसिंग इन द रेन’ (२००८) ही कादंबरी या परंपरेतील अलीकडची आणि अतिशय लोकप्रिय ठरलेली कृती आहे. २०१९ साली तिच्यावर चित्रपटही निघाला.

लोकप्रिय कृतीकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. परंतु कुत्र्याच्या दृष्टीतून कुटुंब पाहिल्याने काय नवे दिसते आणि काय झाकले जाते, हा प्रश्न निवेदनशास्त्राच्या आणि नीतिविचाराच्याही दृष्टीने महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

कथानकाची चौकट :

निवेदक एन्झो हा सिॲटल शहरातील डेनी स्विफ्ट या मोटार-शर्यतपटूचा कुत्रा आहे. फेरारी कंपनीच्या संस्थापकावरून त्याचे नाव ठेवलेले आहे. आयुष्याच्या अखेरीस तो मागे वळून पाहतो आणि घराची कहाणी सांगतो. डेनीचा ईव्हशी विवाह, झोई या मुलीचा जन्म, ईव्हचा मेंदूचा कर्करोग व मृत्यू आणि त्यानंतर नातीच्या ताब्यासाठी ईव्हच्या आईवडिलांनी जावयाविरुद्ध सुरू केलेली न्यायालयीन लढाई, असा हा क्रम आहे. याच काळात ईव्हच्या नात्यातील ॲनिका ही पंधरा वर्षांची मुलगी डेनीवर लैंगिक अत्याचाराचा आरोप करते. अखेरीस ती आरोप मागे घेते, झोई वडिलांकडे परतते आणि डेनीला इटलीत काम मिळते. एन्झोचा मृत्यू होतो. उपसंहारात, काही वर्षांनंतर, एन्झो नावाचा एक लहान मुलगा डेनीच्या भेटीस येतो.

मोंगोलियात कुत्रा पुढील जन्मी माणूस होतो अशी समजूत असल्याचे एन्झोने दूरचित्रवाणीवरील एका माहितीपटात पाहिलेले असते. ‘स्टेट ऑफ डॉग्ज’ (१९९८) या अशाच चित्रपटातून स्टाइन यांनाही या कादंबरीची प्रेरणा मिळाली होती.

श्वानदृष्टी की मानवदृष्टी? :

रशियन समीक्षक व्हिक्टर श्क्लोव्हस्की यांनी १९१७ साली अपरिचितीकरणाची संकल्पना मांडताना ‘खोल्स्तोमेर’चाच दाखला दिला होता. माणसे ‘माझे’ हा शब्द जमिनीला, माणसाला आणि घोड्यालाही कसा लावतात याचे टॉलस्टॉयच्या घोड्याला नवल वाटते आणि त्या नवलामुळे मालमत्तेची सवयीची कल्पना वाचकाला विचित्र भासू लागते. स्टाइन यांच्या कादंबरीत हे क्वचितच घडते. एन्झो दूरचित्रवाणीवर वाढलेला आहे. त्याला शर्यतीचे तंत्र, चित्रपट, नटांची नावे आणि न्यायालयीन कामकाजाचे बारकावे ठाऊक आहेत. आपली जीभ चपटी आहे आणि आपल्याला अंगठा नाही, एवढीच काय ती आपल्यात व माणसात उणीव आहे असे तो मानतो. म्हणजे हा कुत्रा माणूस होण्यास उत्सुक असल्यामुळे माणसांकडे परकेपणाने पाहू शकत नाही. ‘फ्लश’मध्ये निवेदन तृतीयपुरुषी असूनही फ्लॉरेन्स शहर वासांच्या रूपाने उभे राहते. एन्झोचे सिॲटल मात्र बहुतांशी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

याला दोन अपवाद आहेत आणि ते कादंबरीतील उत्कृष्ट भाग होत. पहिला, ईव्हच्या आजाराची वर्दी. वैद्यकीय निदानाच्या कितीतरी आधी एन्झोला तिच्या डोक्यातून येणारा कुजकट वास जाणवतो, पण तो सांगू शकत नाही. दुसरा, तिच्या मृत्यूनंतरचा. येथे एन्झो चिंतन करीत नाही, रानात धावत सुटतो आणि एक खार मारून खातो. दुःखाचे हे पशुरूप कोणत्याही विलापापेक्षा परिणामकारक आहे. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘सत्तांतर’ या वानरटोळ्यांवरील कादंबरीतील संयत निरीक्षणाची आठवण मराठी वाचकाला या ठिकाणी झाल्यावाचून राहत नाही. प्राण्याला प्राणी राहू देण्यातच अशा लेखनाचे खरे सामर्थ्य असते.

कुटुंब आणि ताबा :

कुटुंबसंस्थेचे चित्रण हा या कादंबरीचा गाभा होय. झोईच्या जन्माच्या वेळी डेनी शर्यतीसाठी परगावी असतो आणि एन्झो घरात असतो. मुलीचे रक्षण करण्याचे वचन ईव्ह त्याच्याकडून घेते. कुटुंबात त्याला कायदेशीर स्थान नाही, तरी कर्तव्य आहे. ईव्ह आजारपणात माहेरी जाते, मृत्यूनंतर झोई तेथेच राहते, आणि घर कोठे आहे हा प्रश्न घराबाहेरच्या माणसांच्या हाती जातो.

मराठीत आपण जमिनीचा ताबा म्हणतो आणि मुलाचाही ताबाच म्हणतो. या एका शब्दात जी गफलत आहे, तीच या कादंबरीतील संघर्षाच्या मुळाशी आहे. आजीआजोबांजवळ पैसा, वकील आणि मोठे घर आहे. बापाजवळ कर्ज आणि अनिश्चित व्यवसाय आहे. नातीवरील माया खरी असूनही ती मालकीच्या भाषेत बोलू लागते. टॉलस्टॉयच्या घोड्याचा प्रश्न येथे पुन्हा विचारता आला असता. एन्झो तो विचारीत नाही. आजीआजोबांना तो दुष्ट ठरवून मोकळा होतो. लेक गमावलेल्या दोन वृद्धांची नातीला धरून ठेवण्याची केविलवाणी धडपड त्याच्या निवेदनात येत नाही आणि लेखकही ती अन्य मार्गाने सुचवीत नाही.

मुका साक्षीदार :

कादंबरीतील सर्वांत गंभीर प्रश्न ॲनिकाच्या आरोपाशी निगडित आहे. त्या रात्री घरात तिसरा जीव होता तो एन्झो. थकून झोपलेल्या डेनीजवळ ॲनिकाच गेली आणि डेनीने तिला नाकारले, असे तो सांगतो. डेनी निर्दोष आहे हे वाचकाला त्यामुळे पहिल्यापासून ठाऊक असते. सत्य जाणणाऱ्याला वाचा नाही, या ताणावर कादंबरीचा उत्तरार्ध उभा आहे आणि तो ताण वाचकाला खिळवून ठेवतो, हे मान्य केलेच पाहिजे.

तथापि येथेच चिकित्सेची गरज आहे. आपण एन्झोवर विश्वास ठेवतो तो कशाच्या बळावर? कुत्रा इमानी असतो आणि खोटे बोलत नाही, या सर्वत्र रूढ असलेल्या समजुतीच्या बळावर. परंतु इमान व्यक्तीशी असते आणि सत्य घटनेशी. इमानी साक्षीदार हा न्यायालयाच्या भाषेत हितसंबंधी साक्षीदार ठरतो. वेन बूथ यांनी १९६१ साली मांडलेल्या अविश्वसनीय निवेदकाच्या संकल्पनेचा उपयोग येथे करावयास हवा, कारण तसा पुरावा कादंबरीतच आहे. ईव्ह माहेरी निघून जाते आणि एन्झो दोनहून अधिक दिवस घरात उपाशी कोंडला जातो. तेव्हा झोईची खेळणी फाडली ती कापडी झेब्र्याने, असे तो सांगतो. त्या नासधुशीबद्दल डेनी त्याला मारतो. हा झेब्रा प्रत्येकाच्या आतच असतो, ही जाणीव एन्झोला फार उशिरा होते. ज्या निवेदकाने स्वतःचे कृत्य एका खेळण्यावर ढकलले, त्याचीच ॲनिकाविषयीची साक्ष मात्र अंतिम सत्य म्हणून स्वीकारावी, अशी कादंबरीची अपेक्षा आहे. झेब्र्याच्या प्रसंगातून निवेदकाच्या विश्वासार्हतेचा जो धागा हाती आला होता, तो लेखकाने नेमक्या महत्त्वाच्या ठिकाणी सोडून दिला.

याचा परिणाम स्त्रीपात्रांवर झालेला आहे. ईव्ह आजारी आणि क्षमाशील आहे, तिची आई ट्रिश पतीची सावली आहे आणि ॲनिका ही प्रथम मोह, नंतर संकट व शेवटी पश्चात्ताप एवढीच उरते. अल्पवयीन मुलीच्या तक्रारीची शहानिशा समाजात अत्यंत अवघड असते. तो प्रश्न एका सर्वज्ञ, प्रेमळ कुत्र्याच्या साक्षीने निकालात काढणे ही कलात्मक सोय असली तरी नैतिक पळवाटही आहे.

समारोप :

महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या भावांनी सरमेच्या निरपराध पिलाला मारले म्हणून ती जाब विचारते, आणि महाप्रस्थानिकपर्वात एक कुत्रा युधिष्ठिराच्या मागे अखेरपर्यंत चालत राहतो. तेथे कुत्रा धर्माचे रूप आहे. तो मुका असताना निर्णय युधिष्ठिराला घ्यावा लागतो, धर्म बोलतो तो श्वानरूप टाकल्यानंतरच. स्टाइन यांचा एन्झो वाचकाशी आरंभापासून बोलत असल्यामुळे निर्णयाचे ओझे वाचकावर पडत नाही. हीच या कादंबरीच्या लोकप्रियतेची आणि तिच्या मर्यादेचीही मीमांसा म्हणता येईल.

आजारपण, विरह आणि घर तुटण्याची भीती यांचे चित्रण तिने प्रामाणिकपणे केले आहे. वास ओळखणारा पण सांगू न शकणारा एन्झो दीर्घकाळ स्मरणात राहील. मात्र प्राणी-निवेदक योजणाऱ्या लेखकाने इमानाला सत्याचा पर्याय मानू नये, हा धडाही ती, कदाचित नकळत, देऊन जाते. वर्गात ती शिकविताना विद्यार्थ्यांना एन्झोवर प्रेम करू द्यावे, आणि त्यानंतर त्याची उलटतपासणीही घेऊ द्यावी.