ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय : योग आणि वाणी

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाचे मराठी वाचकांनी फार पूर्वीच दोन तुकडे करून आपसांत वाटून घेतले आहेत. आपला मराठी बोल अमृताशीही पैज जिंकील, अशी ग्वाही कवी ज्या आरंभीच्या ओव्यांत देतो, त्या भाषाभिमानाच्या सभांना आणि पाठ्यपुस्तकांना मिळाल्या. मधला कुंडलिनीच्या जागृतीचा दीर्घ भाग साधकांकडे गेला. साहित्याच्या अभ्यासकाने पहिला तुकडा मस्तकी धारण केला आणि दुसऱ्यापुढे, हा अनुभवाचा प्रांत आहे असे म्हणून, हात जोडले. समीक्षेत हात जोडणे हा पळ काढण्याचाच एक सभ्य प्रकार असतो. हे दोन तुकडे एकाच काव्याचे आहेत काय, आणि असल्यास त्यांना जोडणारे सूत्र कोणते, हा प्रश्न त्यामुळे विचारलाच गेला नाही.

मूळ गीतेकडे पाहिले म्हणजे प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. गीतेचा सहावा अध्याय ४७ श्लोकांचा. त्यात योगाभ्यासाचा विधी मोजक्या श्लोकांत आटोपला आहे : शुद्ध जागा, फार उंच नाही व फार सखल नाही असे आसन, त्यावर दर्भ, मृगाजिन आणि वस्त्र, मस्तक, मान व शरीर सरळ, दृष्टी नासिकाग्री. बंध, चक्रे आणि कुंडलिनी यांचा तेथे मागमूस नाही. पतंजलीच्या योगसूत्रांतही कुंडलिनी नाही आणि आसनाला तर केवळ तीन सूत्रे दिलेली आहेत. ज्ञानेश्वरांनी मात्र या अध्यायावर सुमारे पाचशे ओव्या रचल्या, आणि त्यांतील मोठा भाग वज्रासन, मूळबंध, जालंधर, वोढियाणा आणि कुंडलिनीचा प्रवास यांना दिला. या अभ्यासमार्गाला त्यांनी ‘पंथराज’ असे नाव दिले आहे.

ही सामग्री नाथपंथाची आहे. मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती ही परंपरा अठराव्या अध्यायाच्या शेवटी कवी स्वतःच सांगतो. रा. चिं. ढेरे यांच्या ‘नाथ संप्रदायाचा इतिहास’ (१९५९) या ग्रंथापासून मराठी अभ्यासक तिच्याशी चांगले परिचित आहेत. अलीकडच्या संशोधनाने तिची मुळे आणखी दूरवर नेली. मस्तकातील चंद्र आणि त्यातून पाझरणारे अमृत ही कल्पना सविस्तर मांडणारा ‘अमृतसिद्धी’ हा अकराव्या शतकाच्या सुमाराचा संस्कृत ग्रंथ वज्रयानी बौद्धांच्या परिसरात निर्माण झाला, असे त्याच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिकित्सक आवृत्तीच्या संपादकांचे प्रतिपादन आहे. हठयोगाचा प्रमाणग्रंथ म्हणून मान्यता पावलेली स्वात्मारामाची ‘हठप्रदीपिका’ पंधराव्या शतकाची. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी तिच्याहून बरीच जुनी आहे. तेव्हा ज्या विद्येला अद्याप संस्कृतातही स्थिर रूप आलेले नव्हते, ती येथे लोकभाषेत उघड्यावर मांडली गेली, आणि तीही गीतेच्या टीकेत, जेथे तिला मूळ आधार जवळजवळ नाही.

या विस्ताराचे समर्थन टीकाकार कसे करतो? येथेच समीक्षकाने थांबले पाहिजे. पिंडाने पिंडाचा ग्रास करावा हा नाथांचा संकेत आहे, श्रीविष्णूंनी त्याचा केवळ उद्देश दाखवून दिला, असे ज्ञानेश्वर सांगतात. आणि पुढच्याच ओवीत कापडाच्या व्यापाऱ्याची प्रतिमा आणतात. ध्वनिताचे केणे, म्हणजे सूचितार्थाच्या मालाचा गठ्ठा, त्यांनी सोडला. खऱ्या अर्थाची घडी झटकून उलगडली. कारण समोरचे श्रोते गिऱ्हाईक आहेत हे त्यांनी ओळखले. ‘ध्वनित’ हा शब्द येथे सहज पडलेला नाही. काश्मीरच्या आनंदवर्धनाने नवव्या शतकात ज्या तत्त्वावर काव्यविचार उभा केला, त्याच तत्त्वाचा हा उच्चार आहे. गुरुगम्य विद्या ग्रंथात आणताना कवीने ना श्रुतीचा हवाला दिला, ना आपल्या साक्षात्काराचा, काव्यशास्त्राचा दिला. अर्थ मुळात सूचित होता, तो उलगडणे हे टीकाकाराचे काम, आणि त्याचा निवाडा गिऱ्हाईक असलेल्या श्रोत्याने करावयाचा. योगविद्या मराठीत आली ती अशी रसिकतेच्या पेठेतून.

पेठेत मांडलेला मालही पाहावा. कुंकवात न्हालेले नागाचे पिलू वेटोळे घालून निजावे तशी ही शक्ती प्रथम दिसते. जागी होताच तिला भूक लागते, आणि ती भूक अक्षरशः भयंकर आहे : ती हृदयाखालचे मांस खाते, तळवे शोधते, हाडे कोरते, सप्तधातूंचे समुद्र पिऊन टाकते. बीभत्साची ही परिसीमा झाल्यावर ती तृप्त होते, वरचे चंद्रामृताचे तळे कलंडून तिच्या मुखात येते आणि देह कांतीचाच घडवला असावा तसा नवा होतो. मग सिद्धींची नवलाई : समुद्रापलीकडचे दिसणे, मुंगीचे मनोगत कळणे. अखेरीस पवनाच्या पुतळीने पांघरलेली सोनसळी फेडून ठेवावी तशी ती स्वतःचे रूपच टाकून देते. एवढ्या वर्णनात पारिभाषिक शब्द थोडे आणि क्रियापदे फार. भूक, घास, कात, वस्त्र या घरगुती गोष्टींवर सारा भार आहे. शास्त्रग्रंथ जेथे स्थाने मोजतो, तेथे ज्ञानेश्वर एका स्त्रीचे चरित्र सांगतात.

आता आरंभाकडे वळावे. अमृताशी लावलेली पैज आणि चंद्रामृताचे कलंडणे ही दोन्ही एकाच अध्यायात आहेत. आरंभी बोलाच्या रसाळपणाने कानांना जिभा फुटतात, इंद्रियांत कलह लागतो. मध्यावर हीच इंद्रिये आवरली जातात. आणि जेथे शक्ती गगनात लीन होते तेथे शब्दही मागे फिरतो, असे कवी बजावतो. हा योगायोग मानावा, प्रस्तावनेतील श्रोतृस्तुती ही रूढीच होती, असा आक्षेप घेता येईल. परंतु अतींद्रिय तेच इंद्रियांकरवी भोगवीन, अशी प्रतिज्ञा त्याच प्रस्तावनेत आहे, आणि कुंडलिनीचे प्रकरण ही त्या प्रतिज्ञेची पूर्ती आहे. भाषेचा गौरव आणि योगाचे वर्णन यांना वेगळे काढताच पहिला पोकळ अभिमान उरतो व दुसरे शरीरशास्त्र होते.

बाराव्या अध्यायात हाच मार्ग पुन्हा येतो, पण तेथे तो रणासारखा कठीण. कुंडलिनीचा टेंभा पेटवून चालणारा योगी तेथे भक्ताच्या तुलनेत कष्टी दिसतो. काहींना यात विसंगती वाटते. तिचे निराकरण करण्याची घाई नको. नाथांचा वारस आणि भक्तीचा कवी हे दोघे या एका ग्रंथात पूर्णपणे एकरूप झाले आहेत, असे म्हणणे भाविकपणाचे होईल.

अनुवादकाची परीक्षा या अध्यायात होते. वि. गो. प्रधान यांचे, लँबर्ट यांनी संपादित केलेले इंग्रजी भाषांतर १९६७ व १९६९ मध्ये दोन खंडांत निघाले, तेव्हापासून ज्ञानेश्वरी मराठीबाहेरच्या वाचकाच्या हाती आहे. पुढे, विशेषतः २०१५ पासून दरवर्षी २१ जूनला योगदिन साजरा होऊ लागल्यावर, योग म्हणजे आसने ही समजूत जगभर रुजली. अशा काळात अनुवादक या ओव्यांतील प्रतिमा गाळून नाड्यांचा नकाशा देण्याच्या मोहात पडेल. त्याने एका शब्दावर लक्ष ठेवावे. योगवर्णन ऐकून अर्जुन मध्येच विचारतो, हे अपात्राला साधेल काय? या ठिकाणी हा प्रश्न गीतेत नाही. कवीने तो स्वतः घातला आहे, कारण गुह्य उघडल्यावर अधिकाराचा प्रश्न चुकत नाही. श्रीकृष्णांचे उत्तर असे, की योग्यतेची कोठे खाण नसते. थोडा विरक्त आणि देहधर्मात नियत असेल तो अधिकारी. मात्र हे आयते मिळणारे केणे नव्हे. गठ्ठा सोडताना आलेला ‘केणे’ हाच शब्द येथे परत आला आहे. दोन्ही ठिकाणी त्याला एकच प्रतिशब्द ठेवणारे भाषांतर हाती आले, की मराठीबाहेरच्या वाचकालाही तो व्यापारी आपला माल मांडताना आणि त्याच दमात तो सहजासहजी विकत मिळत नाही असे सांगताना ऐकू येईल.