पौलाचा एक ओबडधोबड शब्द

संत पौलाच्या नावावर असलेल्या इफिसकरांस पत्रात कुजके भाषण मुखातून निघू नये अशी आज्ञा आहे. त्याच पौलाने फिलिप्पैकरांस लिहिताना मात्र विष्ठा किंवा उकिरडा सुचविणारा ‘स्कुबाला’ हा ग्रीक शब्द योजिला. १६११ च्या इंग्रजी बायबलाने तो उघडपणे शेणाच्या अर्थी घेतला. (आपल्याकडे शेणाने देवापुढे सारवतात, तेव्हा ती धार मराठीत उतरायची नाही!) पुढील कित्येक भाषांतरांत त्याचा नुसता कचरा झाला. हे सोवळेपण आम्हांस पटत नाही. पौलाने तो शब्द स्वतःच्या पूर्वीच्या कुलाभिमानावर व कर्मठपणावर टाकला आहे, परक्यावर नव्हे. आणि शिवीचा अपराध ठरविताना कायदाही हेतू विचारतो. त्याच अध्यायाच्या प्रारंभी तो विरोधकांना ‘कुत्रे’ म्हणतो, तेथे मात्र आमची वकिली खुंटते.